कृष्णविवर आणि क्वांटम संगणक: नातं सांगायचं की तमाशा दाखवायचा?

रामबागकर
परवा आपल्या इंदुरातल्या एका मराठी मंडळात विज्ञानावर व्याख्यान झालं. गर्दी इतकी की मागे खुर्च्या टाकाव्या लागल्या. वक्त्यांनी सुरुवातच केली, "शास्त्रज्ञांनी क्वांटम संगणकात वर्महोल तयार केलं आहे!" (वर्महोल म्हणजे दोन कृष्णविवरांना आतून जोडणारा कल्पित बोगदा.) टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक काका मला गंभीरपणे विचारत होते, ते यंत्र चुकून चालू राहिलं तर आजूबाजूचं सगळं गिळणार का.

माझं म्हणणं असं की या दोन विषयांत नातं आहे, खरंखुरं आहे, पण ते यंत्राच्या पोटात नाही, हिशोबात आहे. कृष्णविवर अतिशय मंद उष्णता बाहेर टाकतं आणि झिजत जातं, हे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगनी १९७४ साली दाखवलं. दोन वर्षांनी त्यांनीच विचारलं, मग आत पडलेल्या वस्तूची माहिती जाते कुठे? क्वांटम नियमांप्रमाणे माहिती कायमची पुसली जाऊ शकत नाही. हा पेच माहितीचा आहे, आणि क्वांटम संगणक हेही माहितीचंच यंत्र. लोकांना या दारातून आत न्यायला हवं होतं.

त्या 'वर्महोल'बद्दल. २०२२ च्या अखेरीस गूगलच्या सिकॅमोर या क्वांटम चिपवर ९ क्यूबिट (क्वांटम संगणकातले माहितीचे सर्वांत छोटे घटक) वापरून तो प्रयोग झाला. ९ क्यूबिटची अवस्था लिहायला ५१२ संख्या पुरतात. तेवढं गणित घरचा लॅपटॉपही करतो. मग लॅपटॉपमध्येही वर्महोल झालं म्हणायचं का?

शाळेतली ताई
अजिबात पटलं नाही. सभागृह भरलं होतं हे तुम्हीच लिहिताय. 'माहितीची अक्षय्यता' असा फलक लावला असता तर आयोजक, वक्ते आणि वक्त्यांचे सासरे एवढेच आले असते. काकांनी घाबरून का होईना, प्रश्न विचारला ना? तिथेच सांगायचं होतं त्यांना, की यंत्रात समीकरण सोडवलं जातं, वस्तुमान गोळा होत नाही. दोन वाक्यांचं काम.

मी नववीच्या वर्गात सांगते: पोह्यांवर जिरावण (आपला इंदुरी मसाला) भुरभुरलं आणि ढवळलं, की ते गायब होत नाही, पण चिमटीत धरून वेगळंही काढता येत नाही. कृष्णविवर माहितीचं हेच करतं. पोरांना पटकन कळतं.

सिमरोल होस्टेल
ताई, मजा आली, पण जिरावण नेमकं मोक्याच्या जागी दगा देतं. ढवळल्यावर प्रत्येक घासात थोडं जिरावण येतंच. कृष्णविवरात माहिती कालवली जाते तेव्हा छोट्या भागात तिचा मागमूसही नसतो, अर्धा घाससुद्धा फिका. ती असते भागांच्या आपसातल्या गुंत्यात. पुष्कळ भाग एकत्र धरले तरच दिसते.

इथूनच २००७ चा हेडन आणि प्रेस्किल या भौतिकशास्त्रज्ञांचा निष्कर्ष निघतो, आणि तो भन्नाट आहे. समजा कृष्णविवर निम्म्याहून जास्त झिजलंय आणि त्यातून आजवर बाहेर पडलेलं सगळं प्रारण (म्हणजे तीच हॉकिंगची उष्णता) तुम्ही क्वांटम संगणकात साठवलंय. आता कुणी त्या कृष्णविवरात डायरी टाकली. ती वाचायला कृष्णविवर संपेपर्यंत थांबायची गरज नाही. डायरीत जेवढे क्यूबिट, त्याहून जेमतेम थोडे जास्त बाहेर आले की पुरे. म्हणजे जुनं कृष्णविवर डायरी गिळत नाही, जवळजवळ लगेच परत फेकतं, फक्त कालवलेल्या रूपात.

वाचणं सोपं नाही, हा भाग वेगळा. २०१३ मध्ये हार्लो आणि हेडन यांनी हिशोब मांडला, की ते उलगडायला क्वांटम संगणकालाही इतका वेळ लागेल की बहुधा आधी कृष्णविवरच संपेल. मला विचाराल तर सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वळण हेच. निसर्गाचं गुपित कुलपाने नाही, गणिताच्या अवघडपणाने राखलं जातं.

निवृत्त इंजिनियर
वाचायला छान, पण सगळं कागदावर. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान एका केल्विनच्या कोट्यवधीव्या भागाच्या पातळीवर. भोवतालचं अवकाश २.७ केल्विन. म्हणजे ते बाहेर टाकतं त्याहून जास्त आत घेतं. ते प्रारण मोजणार कोण?

बरं, क्वांटम संगणकाला कृष्णविवरांचा उपयोग तरी काय झाला? क्यूबिटमधल्या चुका शोधून सुधारायची एक पद्धत, टोरिक कोड, भौतिकशास्त्रज्ञ किताएवने १९९७ मध्ये मांडली. त्याच घराण्यातला सरफेस कोड गूगलने २०२४ मध्ये विलो या नव्या चिपवर चालवून दाखवला. यात कृष्णविवर कुठे आलं?

इंदुरात सांगायचं तर लायगो-इंडियाचं सांगा. आपलं कॅट, म्हणजे इथलं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, त्यात भागीदार आहे. हिंगोली जिल्ह्यात वेधशाळा होते आहे, दोन कृष्णविवरं आदळली की उठणाऱ्या लहरी पकडायला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने लायगोसाठी २६०० कोटी आणि राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६००३.६५ कोटी मंजूर केले, एकाच महिन्यात. दोन्ही विषय इथे दाराशी उभे असताना वर्महोल कशाला?

रामबागकर
लायगोबद्दल दुमत नाही. ताई, 'दोन वाक्यांचं काम' म्हणता, पण ती दोन वाक्यं मंचावरून कुणी बोललंच नाही. आणि भरलेल्या सभागृहाचं कौतुक मला तेवढं नाही, भरलेलं तर कीर्तनातही असतं. त्या प्रयोगातलं मॉडेल मशीन लर्निंगने छाटून इतकं सोपं केलं होतं की २०२३ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनीच लिहिलं, यात गुरुत्वाकर्षणाची खूण म्हणावी असं फारसं उरलेलं नाही. हे सांगितल्याने श्रोते उठून गेले असते का?

शाळेतली ताई
नसते गेले. पण आले असते का, हे माझं अजून तसंच आहे.

सिमरोल होस्टेल
इंजिनियर काका, किताएवचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून. टोरिक कोडवाला हाच किताएव २०१५ मध्ये सचदेव आणि ये या भौतिकशास्त्रज्ञांचं १९९३ चं मॉडेल नव्या रूपात पुढे आणतो, आणि वर्महोलचा प्रयोग त्याच मॉडेलवर बेतलेला. शिवाय २०१४ मध्ये आल्महेरी, डाँग आणि हार्लो यांनी दाखवलं, की गुरुत्वाकर्षणाच्या एका खास मॉडेलमध्ये अवकाशाची बांधणीच चूक दुरुस्तीच्या कोडसारखी चालते. भिया, या दोन गल्ल्या वेगळ्या नाहीतच.

निवृत्त इंजिनियर
माणूस एक म्हणून विषय एक होत नाही. उपयोग सांग.

सिमरोल होस्टेल
सांगतो. क्वांटम संगणकात माहिती दिसेनाशी झाली तर दोन कारणं असतात: ती आत नीट कालवली गेली, किंवा गोंगाटामुळे, म्हणजे बाहेरच्या अडथळ्यांमुळे, खराब झाली. वरून दोन्ही सारखंच दिसतं. २०१७ मध्ये योशिदा आणि किताएव यांनी त्या डायरीच्या कोड्यासाठी वाचायची कृती लिहिली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने ती ७ आयनांवर (विद्युतभार असलेल्या अणूंवर, त्यांचेच क्यूबिट करून) चालवली. माहिती खरंच कालवली गेली असेल तर दुसऱ्या टोकाला ती परत मिळते, गोंगाट असेल तर मिळत नाही.

निवृत्त इंजिनियर
ही चाचणी मान्य. पण त्यातून कृष्णविवर हा शब्द काढला तरी यंत्रावर काही फरक पडत नाही.

सिमरोल होस्टेल
यंत्रावर नाही पडत. पण झिजणाऱ्या विवरात डायरी टाकायचं कुणाला सुचलं नसतं, तर ती वाचायची कृती शोधायला कोण बसलं असतं?