'डिप्लीटेड युरेनियम'ला मराठीत काय म्हणावं?

अमळनेरकर: एका मासिकासाठी रणगाड्यांच्या दारूगोळ्यावर लेख करतोय. मी 'क्षीण युरेनियम' लिहिलं, संपादकबाईंनी लाल रेघ मारली. म्हणे, क्षीण असेल तर चिलखत कसं फोडतं? मला काही पटलं नाही. दुसरा शब्द आहे का?

शब्दवेडी: बाई बरोबर आहेत. खाणीतल्या युरेनियममध्ये २३५ जातीचे अणू ०.७ टक्के असतात. ते अणुभट्टीसाठी काढून घेतले की उरलेल्यात ०.२-०.३ टक्केच राहतात. जडपणा तसाच, शिशाच्या दीडपटीहून जास्त. 'ऱ्हासित' म्हणा.

तापीकाठ: ऱ्हास नको. अणू आपोआप फुटत जातो त्याला ऱ्हास म्हणतात. इथे माणसाने काढून घेतलंय. मागे उरतं ते युरेनियम-२३८ असं निम्मं व्हायला साडेचार अब्ज वर्षं लागतात, थांबताय का तोवर? 'क्षपित' लिहा.

भुसावळ_जंक्शन: क्षपित! भो, रणगाड्याआधी वाचकच फुटायचा. सरकीतून तेल काढून घेतलं की मागे राहते ती ढेप. युरेनियमची ढेप म्हणा. म्हशीपुढे ठेवू नका म्हणजे झालं.

शब्दवेडी: चिलखतभेदी तोफगोळा, आत ढेप. छान दिसेल छापून.

भुसावळ_जंक्शन: त्यात गोळा आहे कुठे पण? वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफलची काडतुसं होतात, त्यामुळे इकडे घरोघरी 'राऊंड' म्हणतात. हा तर लांब बारीक दांडा. मागे पंख, आत स्फोटक कणभर नाही. भोवतीचं वेष्टण नळीबाहेर पडताच गळतं आणि दांडा सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर वेगाने जातो. घुसतो तो नुसत्या वजनावर आणि वेगावर.

अमळनेरकर: लेखात तेच आहे. टंगस्टनचं टोक घुसताना बोथट होऊन पसरतं, युरेनियमच्या कडेने ढलप्या सुटतात आणि टोक टोकच राहतं. वर त्याचा भुगा पेट घेतो. १९९१च्या आखाती युद्धात एब्रॅम्स रणगाड्यांवरचे अमेरिकन त्याला 'सिल्व्हर बुलेट' म्हणायचे. आता 'चांदीची गोळी' लिहिलं तर बाई मला औषधाच्या दुकानात पाठवतील.

तापीकाठ: दांडा नव्हे, शलाका.

भुसावळ_जंक्शन: शलाकेने काजळ घाला.

शब्दवेडी: आणि 'भेदी'पेक्षा 'वेधी' बरं.

तापीकाठ: वेध म्हणजे नेम हो.

शब्दवेडी: कर्णवेधात कानावर नेम धरतात का? टोचतातच ना?

धुळे_पारोळा_रोड: शब्द कोणताही घ्या, निरुपद्रवी वाटता कामा नये. किरणोत्सार कमी असला तरी धूळ पोटात गेली तर जड धातू म्हणून मूत्रपिंडाला बाधते. उलट ब्रिटनने २०२३मध्ये चॅलेंजर-२ रणगाड्यांबरोबर हे राऊंड युक्रेनला दिले, तेव्हा लोक 'अणुगोळे' म्हणू लागले. तेही खोटंच, यात अणुस्फोट नसतो. बाकी, सरकीची ती पेंड. ढेप गुळाची.

भुसावळ_जंक्शन: गुळाची भेली! तुम्ही पुण्यात फार दिवस राहिलात वाटतं.

अमळनेरकर: मंडळी, लेख सोमवारी द्यायचाय.

धुळे_पारोळा_रोड: पेंड शेंगदाण्याचीही असते. ढेप असते का शेंगदाण्याची?

भुसावळ_जंक्शन: असते की. बाजार समितीबाहेर कुठल्याही दुकानात विचारा. ढेप मागितल्यावर गूळ दिला तर पैसे माझे.