सीएफची मुलं एकाच बाकावर बसवणं थांबवायला हवं

चिऊची आई: माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला, चिऊला, सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) आहे, म्हणजे फुफ्फुसांत चिकट कफ साचत राहण्याचा जन्मजात आजार. मध्यंतरी तिच्या बेडक्यात पहिल्यांदाच स्यूडोमोनास हा जंतू निघाला. २८ दिवस रोज दोनदा टोब्रामायसिन या अँटिबायोटिकची वाफ दिली, तेव्हा कुठे कल्चर (बेडक्यातल्या जंतूंची तपासणी) कोरं आलं. परवा ओपीडीत पाहते तर सीएफची तीन मुलं एका बाकावर, तिघंही खोकतायत. मी चिऊला घेऊन जिन्यात उभी राहिले. हा जंतू चिकट कफात स्वतःभोवती आवरण करून मुरला की अँटिबायोटिकं त्याला दाबतात, पण बहुतेकदा समूळ काढू शकत नाहीत. कोपनहेगनच्या केंद्रानं १९८१ मध्येच स्यूडोमोनास असलेले आणि नसलेले रुग्ण वेगळे केले आणि नव्या लागणी घटल्या. आपल्याकडे निदान वेगळे वार तरी ठेवा!

सव्वीस पूर्ण: ताई, मला पटत नाही. मला लहानपणी टीबी समजून औषधं दिली, खरा आजार कळेपर्यंत सात वर्षं गेली. माझ्यासारखं आणखी कुणी आहे हे मला त्याच बाकावर कळलं. नेब्युलायझरचा कप उकळून पूर्ण सुकवायचा, हे तिथल्याच एका मुलीनं दाखवलं, डॉक्टरांनी नाही. आणि स्यूडोमोनास सिंकमध्ये, मोरीत, साचलेल्या पाण्यातही असतो. तिथूनही लागतोच ना? माणसंच का तोडायची?

श्वासमित्र: मी छातीची फिजिओथेरपी करते. मोरीतून लागतो हे खरं, पण माणसाकडून येणारे काही वाण जास्त चिवट असतात. बुर्खोल्डेरिया सेपेशिया हा दुसरा जंतू तर त्याहून वाईट, काही रुग्ण त्यानं थोड्याच आठवड्यांत दगावतात. कॅनडा-अमेरिकेत सीएफच्या मुलांची उन्हाळी शिबिरं भरायची. मुलं जिवाभावाची मित्र व्हायची, आणि तिथूनच सेपेशिया पसरला. शिबिरं बंद करावी लागली.

सव्वीस पूर्ण: शिबिरांचं मान्य. पण वेगळे वार ठेवले की नव्या आईला कप कसा उकळायचा हे सांगणार कोण? ती जबाबदारी ओपीडी घेणार असेल तरच वेगळं करा. नाहीतर मी बाकावरच बसेन, मास्क लावून.

चिऊची आई: बाकावर नको गं. पुढच्या खेपेला आम्ही खाली रिक्षा स्टँडपाशी थांबणार आहोत, नंबर आला की फोन करा असं काउंटरवर सांगून ठेवलंय. चिऊला तुझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचंय. वाफ घेताना तू काय बघतेस, असं विचारतेय.