मदत हवी आहे: ऑटोकॅडमधला हवाई फोटो प्रिंटमध्ये येत नाही, आला तर मोजणीशी जुळत नाही

नमस्कार मंडळी,

नाशिकला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करते. मखमलाबादच्या एका गटाचा लेआउट चालू आहे. ए1 शीट, स्केल 1:500. मालक तिघे भाऊ, शेतकरी. नुसत्या रेघा दाखवल्या की मान डोलावतात, पण त्यांना कळलेलं नसतं. तोच नकाशा स्क्रीनवर हवाई फोटोसकट दाखवला की लगेच "ही आपली विहीर, हा चिंचेचा बांध, रस्ता इथून नको" असं बोलणं सुरू होतं. घरातल्या सगळ्यांना बघता यावा म्हणून फोटो मागे फिका ठेवलेली प्रिंटच त्यांच्या हातात द्यायची आहे.

'जिओ' कमांडने लोकेशन देऊन एरियल मॅप चालू केला. मॉडेलमध्ये छान दिसतो, पीडीएफ काढली की मागे पांढरं. मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून जेपीजी काढून अटॅच केली. ती छापली जाते, पण टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) 142 मीटर आलेली बाजू फोटोत 151 भरते. एक कोपरा जुळवला की दुसरा शेजारच्या द्राक्षबागेत जातो. सर्व्हे लोकल आहे, म्हणजे खरे अक्षांश-रेखांश न घेता सुरुवातीचा बिंदू 1000,1000 धरून केलेला. काय करू?

प्रतिसाद

ताई, ऑनलाइन मॅप फक्त स्क्रीनपुरता असतो, तो प्लॉट होत नाही. जिओलोकेशन टॅबवरच्या 'कॅप्चर एरिया'ने हवा तेवढा भाग पकडा. तो ड्रॉइंगमध्ये साठवला जातो आणि छापलाही जातो.

आता मापाचं. तुमचा फोटो वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणात निघालाय. विषुववृत्तापासून दूर जावं तशी त्यात लांबी ताणली जाते. नाशिक 20 अंश उत्तरेला, म्हणजे सुमारे 6.4 टक्के. 142 चे 151 होतात ते यामुळेच. क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्टची सीआरएस (निर्देशांक पद्धत) ईपीएसजी 3857 असेल, हा वेब मर्केटरचा कोड; ती 32643 करा (यूटीएम 43 उत्तर, आपल्या पट्ट्याची मीटरमधली पद्धत) आणि फोटो पुन्हा काढा. मग 100 मीटरला दोनेक सेंटीमीटरचा फरक राहतो.

सर्व्हे लोकल असल्याने नंतर फोटो सरकवून-फिरवून बसवायला 'अलाइन' कमांड लागेल. फोटोच सर्व्हेवर बसवा, सर्व्हेला हात लावू नका. एकमेकांपासून लांबचे, जमिनीलगतचे दोन बिंदू घ्या: विहिरीचा कठडा, रस्त्याखालच्या मोरीचा कोपरा. झाडाचा शेंडा किंवा छप्पर नको, फोटोत उंच वस्तू कललेल्या असतात. शेवटी स्केलचं विचारेल तिथे 'नो', आणि तिसरा बिंदू जुळतो का तेवढं पाहा. मग 'ड्रॉऑर्डर'ने फोटो मागे टाका, 'इमेजॲडजस्ट'मध्ये फेड (फिकेपणा) वाढवा.

धागाकर्ती

खूप आभार! विहीर आणि मोरी धरली, तिसरा कोपराही बसला. फक्त प्रिंट दाणेदार येते. डीपीआय (इंचामागे ठिपके) 300 केला तरी तशीच.

प्रतिसाद

डीपीआय वाढवून फोटोत नसलेला तपशील येत नाही. ऑनलाइन नकाशाच्या 19 व्या झूमला नाशिकमध्ये एक पिक्सेल साधारण 28 सेंटीमीटरचा. 1:500 ला तो कागदावर अर्ध्या मिलीमीटरहून मोठा होतो, 1:1000 ला निम्मा. 1:500 लाच स्वच्छ हवा असेल तर ड्रोनचा ऑर्थोफोटो (कल काढून मापात बसवलेला फोटो) लागेल. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचं लष्करी क्षेत्र जवळ आहे, तेव्हा उडवण्याआधी डीजीसीएच्या (विमान वाहतूक खात्याच्या) ड्रोन-नकाशावर झोन बघाच.

आणि मालक तिघे भाऊ आहेत म्हणून आवर्जून सांगतो, शीटवर ठळक लिहा: हद्द मोजणीप्रमाणे, फोटो फक्त ओळखीसाठी. नाहीतर उद्या फोटोतल्या बांधावरून वाद व्हायचा.

धागाकर्ती

हो, टीप टाकतेच. भावांसाठी 1:1000 ची फोटोवाली वेगळी शीट काढते, 1:500 ची बिनफोटोची ठेवते.