जेसीबी-पोकलेन ऑपरेटर व्हायचंय: ४५ दिवसांचा खासगी कोर्स की आयटीआय?

सीनाकाठची

नमस्कार. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. वय १९, बारावी आर्ट्स झाली. आम्ही मोहोळ तालुक्यातले, मी पुण्यात नर्स आहे. गावात कालव्याचं काम चालू होतं तेव्हा तो दिवसदिवस जेसीबीजवळ बसून असायचा, तेव्हापासून ऑपरेटरच व्हायचं म्हणतो. पुढचं कॉलेज नको म्हणतो.

एका ठिकाणी चौकशी केली. ४५ दिवसांचा कोर्स, ७०,००० रुपये फी, राहणं-खाणं वेगळं. "सर्टिफिकेट मिळालं की दुबईत नोकरी नक्की" असं सांगतात. वडील फीसाठी दोन म्हशी विकायला निघालेत. आठ दिवसांत पैसे भरायचे आहेत. त्याच्याकडे अजून मोटरसायकलचंच लायसन्स आहे. या लायनीतल्या कुणी खरं काय ते सांगाल का?

पोकलेनवाला_अंबाजोगाई

ताई, आधी एक विनंती. आठ दिवसांत म्हशी विकू देऊ नका. आता सविस्तर सांगतो.

मी २०११ साली हेल्पर म्हणून लागलो. महिना ३,५०० रुपये आणि जेवण. पहिले आठ महिने लिव्हरला हात लावू दिला नाही. हातात फक्त ग्रीसगन. सकाळी सहाला मशीन चालू व्हायच्या आधी बूम (मशीनचा मोठा हात), स्टिक (त्याच्या पुढचा हात), बकेट, सगळ्या पिनांना ग्रीस मारायचं. पिन ज्यात बसते त्या बुशच्या कडेने आधी काळं, खरखरीत ग्रीस बाहेर येतं. ते सरून स्वच्छ ग्रीस दिसलं की थांबायचं. मग डिझेलच्या फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी सोडायचं. ट्रॅक, म्हणजे मशीनचा चालणारा पट्टा, किती सैल झालाय ते बघायचं. संध्याकाळी रेडिएटरमधली धूळ हवेने उडवायची. तेव्हा कंटाळा यायचा. आज होज (तेलाची नळी) फुटायच्या आधी पंपाचा आवाज बदललेला मला ऐकू येतो, तो त्याच आठ महिन्यांमुळे.

नंतर उस्तादांनी हात दिला, पण खोदायला नाही, सपाटी करायला. उजव्या हातात बूम आणि बकेट, डाव्या हातात स्टिक आणि फिरणं. नवा माणूस स्टिक नुसती आत ओढतो. मग बकेटचं टोक वाटोळं फिरतं आणि मधोमध खड्डा पडतो. सरळ रेघ हवी असेल तर स्टिक आत येताना निम्म्या अंतरापर्यंत बूम हळूहळू उचलत जायचं आणि पुढच्या निम्म्यात हळूहळू खाली सोडायचं, तेही बकेट सांभाळत. दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळं काम करतात. उस्ताद त्या पट्ट्यावर लाइनदोरी ताणायचे, वाकून बघायचे, दोरीखाली उजेड दिसला की म्हणायचे, "परत." असे दोन-अडीच महिने गेले. हे ४५ दिवसांत बसत नाही.

म्हणून कोर्सवाल्यांना एकच प्रश्न विचारा: एका पोरामागे खऱ्या मशीनवर किती तास? नीट हिशोब करून घ्या. एका मशीनवर ३० पोरं आणि मशीन दिवसाला सहा तास चाललं, तर एकाच्या वाट्याला रोज १२ मिनिटं येतात. एकही सुट्टी न धरता ४५ दिवसांचे झाले नऊ तास. ७०,००० रुपयांत नऊ तास. सिम्युलेटरचे, म्हणजे पडद्यासमोरच्या नकली मशीनचे, तास त्यात मिळवायला लागले तर ते वेगळे काढा. सिम्युलेटरवर लिव्हरची दिशा हातात बसते, पण काळ्या मातीत मशीन कलायला लागलं की बुडाला जे कळतं ते तिथे कळत नाही.

याचा अर्थ शिक्षण नको असा घेऊ नका. उलट मला ते उशिरा मिळालं याचं दुःख आहे. २०१६ साली एका पाइपलाइनच्या कामावर मी चर खोदत होतो. काळी माती, खोली अडीच मीटरच्या आसपास. वरून घाई होती म्हणून खोदलेली माती मी चराच्या अगदी काठावर टाकत गेलो. दुपारी तीनच्या सुमाराला एक बाजू घसरली आणि खाली पाइप बसवणारा माणूस छातीपर्यंत गाडला गेला. बकेट लावली असती तर तोच कापला गेला असता. आम्ही सहा जणांनी हातांनी आणि फावड्यांनी माती काढली. माणूस वाचला, पाय मोडला. मशीन बंद करून मी काठावर बसलो होतो, हात थरथरत होते.

पुढे नऊ वर्षांच्या अनुभवावर परीक्षा देऊन मी सर्टिफिकेट घेतलं. परीक्षेआधीच्या वर्गात पहिल्यांदा कळलं की दीड मीटरपेक्षा खोल चराला बाजूंनी आधार द्यायचा असतो, आणि माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकायची असते. चर तीन मीटरपेक्षा खोल असेल तर खोलीच्या निम्म्या अंतरावर. इतकी साधी गोष्ट. इतकी वर्षं मी मशीन चालवत होतो आणि कुणी सांगितली नव्हती. ज्या कोर्समध्ये हे शिकवतात, डोक्यावरच्या विजेच्या तारा, मागे उभा राहून इशारा देणारा माणूस, उतारावर मशीन कसं उभं करायचं हे शिकवतात, त्याला पैसे द्या. नुसतं "चालवायला शिकवतो" म्हणणाऱ्याला नको.

लायसन्सचं आजच सुरू करा. चारचाकीचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन्स आधी काढायचं. ते निदान एक वर्ष जुनं झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं, म्हणजे व्यावसायिक गाडीचं, लर्निंग लायसन्स मिळत नाही आणि त्याला वय २० पूर्ण लागतं. म्हणजे आत्ता चारचाकीचं काढलं की ते वर्षाचं होईपर्यंत वयही बसतं. जेसीबी एका साइटवरून दुसऱ्या साइटवर रस्त्यानेच जातो. विनालायसन्स ऑपरेटरकडून अपघात झाला तर मालक आणि पोरगा दोघंही अडकतात, म्हणून चांगले मालक पहिल्यांदा लायसन्सच बघतात.

निवृत्त_निदेशक

मी २६ वर्षं सरकारी आयटीआयमध्ये यांत्रिक डिझेल (डिझेल मेकॅनिक) हा व्यवसाय, म्हणजे ट्रेड, शिकवला. वरच्या भावांनी अगदी मनापासून लिहिलंय, त्यात थोडी भर घालतो.

यांत्रिक डिझेल एक वर्षाचा आहे, प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. बारावी झालेली मुलंही येतात. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन अर्ज निघतात, जवळच्या आयटीआयमध्ये भरूनही मिळतो. सरकारी संस्थेतली फी त्या ७०,००० च्या मानाने अगदी किरकोळ. पुढे अप्रेंटिसशिप केली तर विद्यावेतनही मिळतं.

ऑपरेटर व्हायचंय तर मेकॅनिक कशाला, असं मुलं विचारतात. त्याचं उत्तर आता जास्त सोपं झालंय. जानेवारी २०२५ पासून बांधकामाच्या नव्या यंत्रांना प्रदूषणाचे स्टेज ५ चे नियम लागू झाले. इंजिनावर सेन्सर वाढले, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आला. कॅबमध्ये दिवा लागला की तो कशाचा आहे आणि काम थांबवायचं की पुढे चालवायचं, हे ज्याला समजतं तो मालकाला हवा असतो. आमच्याकडे मुलगा पहिल्यांदा फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) हातात घेतो, इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळच्या टॅपेटच्या फटीत सरकवतो आणि पत्ती किंचित अडकत सरकली पाहिजे हे बोटांना शिकवतो. त्या बोटांना पुढे लिव्हरही लवकर कळतो.

आणखी एक. डिझेल मेकॅनिकचं आयटीआय असेल तर रेल्वेत असिस्टंट लोको पायलटचा, म्हणजे सहायक इंजिनचालकाचा, फॉर्म भरता येतो. नुसत्या बारावी आर्ट्सवर तो भरता येत नाही. मात्र डोळ्यांची तपासणी कडक असते, रंग ओळखण्याचीही. ती आधीच बाहेर करून घ्या. माझे दोन हुशार विद्यार्थी लेखी परीक्षा पास होऊन तिथे थांबले, फार वाईट वाटलं.

सीनाकाठची

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दोन्ही उत्तरं वडिलांना फोनवर वाचून दाखवली. चराचं वाचताना आई रडली. कोर्सवाल्यांना तासांचं विचारलं तर "बॅचवर अवलंबून आहे" एवढंच म्हणाले. म्हशी विकणं थांबलंय. पण दुबईचं भावाच्या डोक्यातून जात नाही. ते खरं असू शकतं का?

परतलेला_फिटर

ताई, मी आखातात सहा वर्षं सळईचं काम केलं. ते खरं असू शकतं, पण कोर्सवाल्याच्या तोंडी हमीवर नाही. परदेशी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. त्याची सेवा फी ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त तो घेऊ शकत नाही. पावती घ्यायचीच. व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो असं म्हणाला की तिथून उठायचं. माझ्या खोलीतले चौघं असे आले होते, पगार अडकला तेव्हा तक्रार करायची तर कागदच नव्हता. आणि तिकडची चाचणी प्रत्यक्ष मशीनवर होते. नऊ तासांचा हात तिथे पाच मिनिटांत उघडा पडतो.

इथे काम सुरू केलं की ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी करा. पोरं हे टाळतात.

पोकलेनवाला_अंबाजोगाई

ताई, समृद्धीचं जालन्याकडचं काम संपल्यावर मी स्वतःचं एक जुनं मशीन घेतलं. सध्या अंबाजोगाईजवळ तलावातला गाळ काढायचं काम आहे. आयटीआयचे प्रवेश सुरू होईपर्यंत भावाला पाठवायचं असेल तर पाठवा. ग्रीसगन देईन, पगार देईन, लिव्हर लगेच देणार नाही. जेवण आमच्यात. फक्त चपलेवर येऊ नको म्हणावं, बूट घालून ये.