वाळवंटी शहरात छप्पर भरून सोलर: शहाणपणा की नुसती हौस?

रणरणतं ऊन (धागाकर्ता)
वर्षभर कडक ऊन, ढग दिसला तर लोक त्याचे फोटो काढतात. अशा शहरात स्वतःचं घर असेल तर विचार कसला करायचा, अख्खं छप्पर पॅनेलनी भरून टाकायचं, असं जो तो सांगतो. माझं मत वेगळं आहे. सोलर जरूर बसवा, पण निम्म्या छपरावर. दिवसा घरात जेवढी वीज लागते तेवढीच बनवा.

ऊन भरपूर म्हणजे वीज भरपूर, हे अर्धंच खरं. पॅनेलवर छापलेले वॉट मोजलेले असतात सेल २५ अंशांवर असताना. इथे हवाच ४५ अंश, मग छपरावर तापलेल्या पॅनेलचा सेल ७०च्या घरात जातो. सिलिकॉनचं पॅनेल दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के ताकद गमावतं. म्हणजे भर दुपारी १५-१६ टक्के गेलेच. पाच किलोवॉटचे सव्वाचार झाले.

पण ते सोडा, खरी गोची वेळेची आहे. भिंती आणि स्लॅब दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता घरात सोडतात. सूर्य मावळला तरी एसी थांबायचं नाव घेत नाही. म्हणजे दुपारची जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, द्यायची आणि रात्री परत घ्यायची. कोणत्या दराने? ते तुमच्या हातात नाही. अमेरिकेत लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात डिसेंबर २०१५मध्ये नियामक आयोगाने सोलरवाल्यांचा स्थिर आकार वाढवला आणि ग्रिडला दिलेल्या विजेचं मोल कापलं. आधीच पॅनेल बसवून बसलेल्यांनाही तोच नियम. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला होता, त्यांचा कागद एका निर्णयात रद्दी झाला.

उंटावरचा शहाणा
साफ असहमत. नेवाडाची गोष्ट तुम्ही मध्यंतरालाच थांबवलीत. लोक रस्त्यावर उतरले, मोठ्या सोलर कंपन्यांनी तिथलं काम बंद केलं, आणि २०१६ संपायच्या आत जुन्या ग्राहकांना जुने नियम परत मिळाले. २०१७मध्ये कायदा करून नेट मीटरिंगच, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करायची पद्धत, परत आणलं; दिलेल्या विजेचं मोल सुरुवातीला किरकोळ दराच्या, म्हणजे ग्राहक विजेला मोजतो त्या दराच्या, ९५ टक्के. मग यातून धडा कोणता? जो आधी बसवतो त्याचे नियम बहुधा शाबूत राहतात. थांबणारा हात चोळत बसतो.

दुसरं असं की निम्मं छप्पर आज आणि निम्मं पाच वर्षांनी, हा सगळ्यात महागडा मार्ग. परवानगी पुन्हा, मजुरी पुन्हा, तेव्हा त्याच मापाची पॅनेल मिळतील याची खात्री नाही, आणि इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी, लहान घेतला असेल तर तोही बदला. उद्या दारात विजेवरची गाडी आली की तुमची निम्मी गच्ची लगेच तोकडी पडेल.

रणरणतं ऊन
९५ टक्क्यांच्या पुढचं वाचलंत का? जसजशी सोलर घरं वाढतील तसतसं ते पायरीपायरीने ७५ टक्क्यांपर्यंत खाली आणायची सोय त्याच कायद्यात होती. ॲरिझोनाने २०१६च्या डिसेंबरात नव्या ग्राहकांसाठी किरकोळ दराचं नेट मीटरिंगच बंद करायचं ठरवलं. दोन्ही वाळवंटी राज्यं, दिशा एकच. ग्रिडवर दुपारची वीज जितकी जास्त, तितकं तिचं मोल कमी. तुमच्या-माझ्या शेजाऱ्याचं पॅनेलही त्याच वेळी भरात असतं ना!

गाडीचा मुद्दा मान्य, पण ती दुपारी घरी उभी असेल तरच.

तिरपी सावली
छप्पर भरण्याचा एक फायदा दोघांनीही धरलेला नाही. पॅनेल म्हणजे फुकटची सावली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेने २०११मध्ये मोजलं होतं: पॅनेलखालचं छत दिवसा उघड्या छतापेक्षा सुमारे तीन अंशांनी थंड, आणि इमारतीत येणारी उष्णता ३८ टक्क्यांनी कमी. वीज एक युनिटही विकली नाही तरी एसीचा भार हलका होतोच.

रणरणतं ऊन
त्याच अभ्यासात हेही आहे की रात्री पॅनेल छताची उष्णता धरून ठेवतात. हिवाळ्यात बरं. पण जूनच्या रात्री? माझं रडगाणं रात्रीचंच आहे.

गच्चीवाली
तुम्ही सगळे आकडे मोजताय, धूळ कोण मोजणार? आम्ही बसवलं तेव्हा 'देखभाल शून्य' असं सांगितलं होतं. धुळीचं वादळ झालं, मग पहाटे दव पडलं, आणि दोन्ही मिळून काचेवर चिखलाचा असा थर बसला की वाऱ्याने उडेना. मी भर दुपारी पाइपने धुतलं. ही पहिली चूक, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नसतं. पाणी खारं होतं, ही दुसरी. सुकल्यावर पांढरे डाग. मग तारेची घासणी घेतली. तिसरी चूक सांगायलाच नको.

आता सूर्य उगवायच्या आधी, मऊ ब्रशने, थोड्या गोड्या पाण्यात. पाणी इथे विजेइतकंच मोलाचं, म्हणून छप्पर भरायच्या आधी बादल्या मोजा.

आणि हो, वीज गेली की आमचं सोलरही बंद पडतं, हेही कुणी सांगितलं नव्हतं. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप ग्रिडपासून वेगळा होऊन बंद पडतो म्हणे. योग्यच आहे, पण बाहेर लख्ख ऊन आणि घरात पंखा बंद!

उंटावरचा शहाणा
त्यावर बॅटरी हा उपाय आहे, आणि रात्रीच्या रडगाण्यावरही तोच. मग निम्मं छप्पर पुरेल का? ती भरायला दुपारची जास्तीची वीजच लागते.

रणरणतं ऊन
बॅटरी ठेवणार कुठे? पश्चिमेच्या भिंतीला बाहेर टांगली तर उन्हाने तिचं आयुष्य झपाट्याने घटेल. सावलीत, हवेशीर जागा असेल तर घ्या, माझं ना नाही. पण त्याआधी फुकटातले उपाय करा. दुपारीच एसीचं तापमान थोडं खाली लावून घर गार करून ठेवा, पाण्याचा पंप आणि वॉशिंग मशीन दुपारी चालवा.

तिरपी सावली
आणि सगळी पॅनेल दक्षिणेलाच कशाला? काही पश्चिमेला लावा. दिवसाचं एकूण उत्पादन थोडं घटतं, पण संध्याकाळी पाच-सहाला, एसी जोरात असतो तेव्हा, ती अजून वीज देत असतात.

उंटावरचा शहाणा
बघा! पश्चिम वाढवली की धागाकर्त्यांचं 'निम्मं छप्पर' गेलं.

रणरणतं ऊन
गेलं नाही. पश्चिमेला चार वाढवा, दक्षिणेची चार कमी करा.

गच्चीवाली
आमच्या छपराच्या पश्चिम बाजूला शिडी लावताच येत नाही. ती चार धुणार कोण, ते आधी ठरवा.