ऑडिट हीच एक शिडी नाही

सीएफओ, म्हणजे कंपनीचा मुख्य वित्त अधिकारी, व्हायचं तर आधी ऑडिट, मग अकाउंट्स, दुसरी वाट नाही, असं काही जण म्हणतात. मला हे अर्धंच पटलं. रूथ पोराट गुंतवणूक बँकिंगमधून आल्या. २०१० मध्ये मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेच्या आणि २०१५ मध्ये गूगलच्या सीएफओ झाल्या. एमी हूड २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाल्या त्या गुंतवणूकदारांशी संपर्क ठेवणाऱ्या विभागात; २०१३ मध्ये सीएफओ.

ट्रेझरीत, म्हणजे कंपनीची रोकड आणि कर्जं सांभाळणाऱ्या विभागात, काम केलंय म्हणून सांगते, मुलींना हिशेब दिले जातात, पण बँकेशी बोलणीला क्वचितच नेतात. खरी अडचण तिथे आहे. माझ्या वरिष्ठ बाई हट्टाने गेल्या. बँक व्याजदर वाढवायला निघाली होती. बाईंनी १३ आठवड्यांचा रोख-अंदाज समोर ठेवला आणि कुठल्या आठवड्यात पैसे कमी पडतील तेही स्वतःच दाखवलं. दर वाढला नाही. पुढच्या बोलणीला बाईंनाच बोलावणं आलं.