बल्बचा रेझिस्टन्स मीटरवर ०.७ ओहम, गणितात ७ ओहम. चुकतंय कोण?

अर्धीगुंडाळी:
लेकीला ओहमचा नियम (व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम) करून दाखवायला बसले आणि मीच तोंडघशी पडले. सामान असं: १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी, गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब (जुना, तारेचा; एलईडी नव्हे) आणि दोन मल्टिमीटर.

आधी बल्ब सुटाच ठेवून मोजला: ०.७ ओहम. मग बॅटरीला जोडला, एक मीटर सिरीजमध्ये, दुसरा बल्बच्या दोन टोकांवर. १२.१ व्होल्ट, १.७२ अँपिअर. भागाकार केला तर ७.०३ ओहम, म्हणजे थेट दहापट! गुणाकार मात्र २०.८ वॅट, बल्बवर छापलेल्या आकड्याला खेटून. तेवढ्यात लेकीने १२.१ चा वर्ग केला, ०.७ ने भागला आणि २०९ वॅट काढून दाखवले. "आई, यातलं खरं कुठलं?"

मीटरवर आळ घ्यावा तर १०० ओहमचा रेझिस्टर तो ९९.६ दाखवतो. मग घोळ कुठे आहे?

तांबडीतार:
मीटरही बरोबर, गणितही बरोबर. तुम्ही दोन वेगवेगळ्या वस्तू मोजल्यात, एक थंड तार आणि एक पेटलेली तार.

फिलामेंट टंगस्टनचं असतं. पेटल्यावर ते अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि त्याचा रेझिस्टन्स थंड असतानाच्या बारा-पंधरा पट होतो. मीटर ओहम मोजताना अगदी किरकोळ करंट सोडतो, त्यात तार तापतच नाही. लेकीचं गणित चुकलं नाही, तिने गरम तारेचं व्होल्टेज आणि थंड तारेचे ओहम एकत्र भरले. वर्ग भागिले रेझिस्टन्स या सूत्रात ७.०३ घाला, २०.८ च येईल. सूत्रं तीन दिसली तरी गोष्ट एकच आहे, आकडे फक्त एकाच क्षणाचे हवेत.

ते २०९ वॅटही अगदी हवेतले नाहीत बरं का. बटण दाबल्या क्षणी तार थंडच असते, त्यामुळे पहिल्या काही मिलिसेकंदांत करंट उसळतो. म्हणून तर तारेचा बल्ब बहुतेकदा लावतानाच जातो.

आणि मीटरचे दोन्ही प्रोब, म्हणजे वायरींची टोकं, एकमेकांना टेकवून ओहम बघा.

अर्धीगुंडाळी:
टेकवले. ०.२! हे मीटरच्या वायरींचेच, म्हणजे बल्बचे खरे ०.५ च. ७.०३ भागिले ०.५, चौदा पट. तुमच्या बारा-पंधरात बसलं की.

दोनटोकं:
ताईंच्या मांडणीतून अजून एक उत्तर निघेल. बल्ब पेटलेला असताना खुद्द बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट येतात?

अर्धीगुंडाळी:
१२.५.

दोनटोकं:
म्हणजे मधल्या वायरी, क्लिपा आणि सिरीजमधला मीटर मिळून ०.४ व्होल्ट खातायत. ०.४ भागिले १.७२ म्हणजे ०.२३ ओहम, आणि ०.४ गुणिले १.७२ म्हणजे जवळपास ०.७ वॅट वायरींत वाया. व्होल्टेज बॅटरीवर मोजून बल्बच्या गणितात घातलं असतं तर २१.५ वॅट आले असते आणि बल्बला उगाच बढती मिळाली असती. तुम्ही बल्बच्या टोकांवरच मोजलंत ते उत्तम.

आता कमी व्होल्टेजवर करून बघा. फक्त प्रोब १० अँपिअरच्याच भोकात राहू द्या.

अर्धीगुंडाळी:
हा शेवटचा सल्ला वाचायच्या आधीच मी दोन सेल जोडले होते. मनात हिशेब केला, ३ व्होल्ट भागिले ७ ओहम, ०.४३ अँपिअर. मीटरचं मिलिअँपिअरचं भोक ५०० पर्यंत चालतं, म्हणून प्रोब तिकडे लावला. बल्ब क्षणभर लालसर झाला आणि विझला. मीटरवर शून्य. फ्यूज गेला!

नवा फ्यूज टाकून, १० अँपिअरच्या भोकातून पुन्हा घेतलेले आकडे: दोन सेलांवर २.८ व्होल्ट, ०.७७ अँपिअर, चार सेलांवर ५.७ व्होल्ट, १.१४ अँपिअर. म्हणजे ३.६ ओहम आणि ५ ओहम. अर्धवट तापलेली तार ७ ओहमची नव्हतीच, आणि मी तिला ७ धरून बसले.

तांबडीतार:
फ्यूज गेला तो चांगल्या कामाला गेला. प्रोब १० अँपिअरच्या भोकात विसरून तोच मीटर व्होल्टेज मोजायला बॅटरीवर लावणं हे त्याहून वाईट. तो सरळ शॉर्ट होतो. करंट मोजून झाला की प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत.

अर्धीगुंडाळी:
हो, ते आता डब्याच्या झाकणावरच लिहिलंय. लेक आलेख काढतेय. पट्टीने रेघ ओढायला निघाली होती, बिंदू काही पट्टीखाली येईनात. सरळ रेघ हवी तर काय मोजू?

दोनटोकं:
नायक्रोमची तार. हीटरमधली तीच. लालबुंद झाली तरी तिचा रेझिस्टन्स थोडासाच वाढतो, पट्टी चालेल. पण ३-४ ओहमपेक्षा छोटा तुकडा १२ व्होल्टला जोडू नका, आणि बंद केल्यावर लगेच हात लावू नका. दिसायला ती काळीच असते.